शिंपल्याच्या पाठीवरचे ऋतू



या व्याख्यानाचा विषय कळवला तेव्हा संयोजकांपैकी एकांनी काळजीच्या सुरात विचारलं, 'सर, शेवाळावर तासभर?' त्यांची काळजी रास्त होती. शेवाळ म्हटलं की बहुतेकांना विहिरीच्या पायरीवरून घसरलेला पाय तेवढा आठवतो. पण ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते ते गुरुजी मुलांना वर्गातून उठवून सरळ नदीवर नेत, हे मांजर्लीतल्या जुन्या मंडळींना ठाऊक आहे. नदीतल्या दगडांवर बोलायला याहून बरी जागा मला मिळाली नसती.

उल्हास नदीची आठवण आपल्याला वर्षातून दोनदा येते. जुलैत पाणी चढायला लागलं की १७.५० मीटर हा धोक्याच्या पातळीचा आकडा प्रत्येकाच्या तोंडी असतो, आणि मे महिन्यात टँकरवाल्याचा नंबर. २६ जुलै २००५चा महापूर इथे कुणाला सांगायला नको. २७ जुलै २०१९ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावं लागलं, तेव्हा उल्हास नदीचं नाव देशभर झालं. मधल्या आठ-नऊ महिन्यांत नदी काय करत असते, याची चौकशी सहसा कुणी करत नाही. त्या महिन्यांत ती जे करते त्याची नोंद दगडांवर आणि शिंपल्यांवर होत असते. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे की ती नोंद वाचता येते.

नदी तपासायची म्हणजे बाटली बुडवायची आणि प्रयोगशाळेत धाडायची, ही आपली रूढ पद्धत. ती टाकाऊ आहे असं मी म्हणणार नाही. बीओडी (पाण्यातली घाण कुजायला लागणारा प्राणवायू), विरघळलेला प्राणवायू, कोलिफॉर्म जिवाणू हे आकडे हवेतच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०१८ साली देशातल्या नद्यांचे ३५१ प्रदूषित पट्टे जाहीर केले, त्यांतले ५३ एकट्या महाराष्ट्रातले आणि त्यांत आपली उल्हासही होती. ती प्रतवारी बीओडीवरूनच लावलेली. पण बाटलीत येतं ते त्या घटकेचं पाणी. रात्री दोन वाजता कुणी नाल्यात काही सोडून दिलं, तर सकाळी अकराच्या बाटलीला त्याचा पत्ता लागत नाही. दगड रात्री दोनलाही तिथेच बसलेला असतो. त्याच्या अंगावरचे जीव पळून जाऊ शकत नाहीत. ज्यांना ते पाणी सोसतं ते टिकतात, बाकीचे मरतात. आठवड्याभरानंतर कोण उरलंय ते पाहिलं की काय होऊन गेलं असावं याचा अदमास बांधता येतो. युरोपीय संघानं २००० सालच्या आपल्या जलधोरणात नदीची प्रकृती ठरवताना तळावर वाढणाऱ्या या सूक्ष्म वनस्पतींनाही साक्षीला बोलावलं. ब्रिटनमध्ये त्याच्या आधीच, १९९५ साली, केली आणि व्हिटन या दोघांनी दगडावरच्या डायटमवरून पाण्यातल्या पोषकद्रव्यांचा अंदाज देणारा निर्देशांक मांडला होता.

हे डायटम म्हणजे आपल्या मराठी पाठ्यपुस्तकातली करंडक वनस्पती. एकपेशीय जीव, वालुकेचं म्हणजे सिलिकाचं कवच, आणि कवचाचे दोन भाग झाकण आणि डबी यांसारखे एकात एक बसलेले. मुंबई आणि साष्टीच्या गोड्या पाण्यातल्या डायटमांची शिस्तशीर नोंद एला गोन्साल्विस आणि एच. पी. गांधी यांनी १९५२ ते १९५४ या काळात तीन भागांत छापली. गांधी पुढे कोल्हापूर, पन्हाळगड, धारवाड, जोग असे हिंडत राहिले आणि भारतीय डायटमांचा विषय निघाला की आजही त्यांच्या चित्रांपासूनच सुरुवात करावी लागते. सरोदे आणि कामत यांचं महाराष्ट्रातल्या गोड्या पाण्यातल्या डायटमांवरचं पुस्तक १९८४चं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत सह्याद्रीतल्या डायटमांवर आजही काम चालू आहे. म्हणजे विद्या आपल्या अंगणात आहे. तिचा नगरपालिकेच्या पाणी खात्याशी मात्र अजून परिचय व्हायचाय.

आता प्रत्यक्ष दगड बघू. जानेवारीत सकाळी नऊच्या सुमाराला काठावर जा. गुडघाभर वाहत्या पाण्यातला तळहाताएवढा दगड उचला. वरची बाजू तांबूस-सोनेरी, खालची काळी. अंगठा फिरवला की बुळबुळीत लागतं आणि अंगठ्याला तपकिरी रंग येतो. या थराची जाडी मिलिमीटरभरही नसते. जुन्या टूथब्रशनं तो थाळीतल्या घोटभर पाण्यात घासून काढायचा, त्यातला थेंब काचपट्टीवर ठेवायचा, वर पातळ काच, आणि चारशे पटींनी मोठं करून पाहायचं.

पहिल्यांदा नजरेत भरते ती नॅव्हिक्युला, कारण ती चालते. दोन्ही टोकं निमुळती, अंगात दोन सोनेरी पट्ट्या. सरळ पुढे जाते, मध्येच थबकते आणि आल्या वाटेनं मागे फिरते. कवचाला एक बारीक चीर असते, तिच्यातून चिकट स्राव सोडत ती सरकते. कोकोनिस लंबगोल आणि चपटी, दगडाला पोट लावून पडलेली. ब्रशचे चार फटके बसले तरी सगळी निघत नाही. गोम्फोनेमा चिकट दांड्यांवर उभी राहते, एका दांड्याला फाटे फुटतात आणि प्रत्येक फाट्याच्या टोकाला एकेक पेशी. या दांड्यांच्या गर्दीत व्होर्टिसेला नावाचा प्राणी पेल्याचं तोंड उघडून बसलेला. धक्का लागला की त्याचा देठ झटक्यात गुंडाळला जातो आणि काही क्षणांनी सावकाश उलगडतो. तेवढ्यात एखादी डासासारख्या किड्याची अळी पटलावरून जाते आणि तुम्ही दहा मिनिटं खपून जे नीट लावून घेतलेलं असतं ते सगळं उधळून टाकते. सोनेरी रंग येतो तो डायटमातल्या फ्युकोझँथिन या रंगद्रव्यामुळे. हिरवं हरितद्रव्यही असतंच, पण ते त्याच्याखाली झाकलेलं असतं.

या थराचं वर्ष जूनमध्ये संपतं आणि जूनमध्येच सुरू होतं. कर्जत-माथेरानच्या डोंगरात कोसळलेला पाऊस काही तासांत आपल्या पुलाखाली येतो. बरोबर येणारी वाळू दगडांना घासते, दगड दगडांवर आपटतात, आणि पाणी इतकं गढूळ होतं की वीतभर खोलीवर उजेड पोचत नाही. जुलैत दगड उचलून पाहिला (पाहू नका, मी सांगतो ते ऐका) तर तो बोटांना कोरा, खरखरीत लागतो. पण कोरा म्हणजे रिकामा नव्हे. आपला दगड बसाल्टचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्या लाव्हातले वायूचे बुडबुडे निघून गेले आणि मागे बारीक खळगे राहिले. काही खळगे पुढे पांढऱ्या खनिजांनी भरले, काही तसेच उघडे. वाळूचा मारा वरच्या पृष्ठभागावर बसतो. खळग्याच्या तळाशी मागच्या वर्षीच्या थराचे अवशेष तग धरून राहतात. पाणी निवळल्यावर तिथूनच पुन्हा पसारा मांडला जातो. गुळगुळीत दगड आणि खळग्यांचा दगड शेजारी-शेजारी असले, तर पुरानंतर दुसरा आधी रंगतो. बसाल्ट झिजून पाण्यात उतरलेली वालुका डायटमांना कवचासाठी लागते, तोही याच दगडाचा गुण.

भाद्रपद सरता सरता उघडीप मिळाली की आधी जिवाणूंचा पापुद्रा बसतो, त्याला काही तास ते दिवस पुरतात. त्यावर डायटमांच्या चपट्या, पोट लावून बसणाऱ्या जाती येतात. अ‍ॅक्नँथिडियम ही इवलीशी जात त्यांत बहुधा पुढे. मग उभ्या राहणाऱ्या, मग दांड्यांवरच्या. जागा भरली की जो तो उजेडासाठी वर चढतो. जंगलात झुडपांमागून झाडं येतात त्याच क्रमानं, फक्त पन्नास वर्षांऐवजी पाच-सहा आठवड्यांत. मध्ये परतीचा पाऊस जोरात आला तर सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून.

थंडी हा डायटमांचा हंगाम. पाणी नितळ, ऊन तळापर्यंत, प्रवाह बेताचा. मळ्या मासा खालच्या बाजूला असलेल्या तोंडानं दगड खरवडत फिरतो, गोगलगाई आपापले पट्टे साफ करत जातात; सकाळी दगडावर दिसणाऱ्या फिकट वाटा त्यांच्याच. दुपारी या थरावर प्राणवायूचे बुडबुडे धरतात, कधी त्यांच्या जोरावर थराचा तुकडा सुटून वर येतो आणि तरंगत खाली जातो. महाशिवरात्रीनंतर ऊन चढतं, धार बारीक होते आणि हिरव्या तंतूंची पाळी येते. क्लॅडोफोरा खडबडीत, दगडाला घट्ट. स्पायरोगायरा रेशमासारखी मऊ, संथ पाण्यातली. हिरव्या तंतूंवरही पुन्हा डायटम चढून बसतात, म्हणून मार्चमधलं जुनं क्लॅडोफोरा तपकिरी दिसतं. एप्रिल-मेमध्ये उथळ, तापलेल्या पाण्यात निळ्या-हिरव्या जिवाणूंचे काळपट थर पसरतात: ऑसिलेटोरिया, फॉर्मिडियम ही मंडळी. हे वेळापत्रक कर्जत लोकलइतपतच पाळलं जातं. झाडाच्या सावलीतला दगड मागे राहतो, धारेतला वेगळा वागतो, नाल्याच्या तोंडाशी असलेल्याला तर ऋतूच नसतात.

इथे जरा आडवाटेनं जातो. उन्हाळ्यात नळाच्या पाण्याला मातकट वास येतो अशी तक्रार तुम्ही ऐकली असेल, केलीही असेल. या निळ्या-हिरव्या जिवाणूंच्या काही जाती जिओस्मिन नावाचं संयुग बनवतात. लिटरभर पाण्यात त्याचे काही नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागाइतके कण असले तरी आपल्या नाकाला कळतात, आणि तुरटी-क्लोरिननं तो वास सहजी जात नाही. गंमत अशी की पहिल्या पावसाचा मृद्गंध म्हणून आपण जो हुंगतो त्यातही हेच जिओस्मिन असतं. मातीतले जिवाणू ते तयार करतात. मे महिन्यात ज्याच्याबद्दल अर्ज लिहितो, त्याच्यावर जूनमध्ये आपण कविता करतो.

पाणी ओसरलं की काठच्या दगडांवर राखाडी पापुद्रा वाळून उरतो. तो मेलेला वाटतो. डेल्फ्टच्या लेव्हेनहुकनं १७०२ साली घराच्या पन्हळीतला सुका गाळ पाण्यात भिजवून पाहिला, तेव्हा त्यात चक्रधर प्राणी हालचाल करू लागलेले त्याला दिसले. तोच प्रयोग आपल्याकडे मे महिन्यात कुणालाही करता येतो. पापुद्रा खरवडून वाटीतल्या साध्या, क्लोरिन नसलेल्या पाण्यात ठेवा आणि काही तासांनी बघा.

आता शिंपले. आपल्याकडच्या नद्यांत मोठा दिसतो तो लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस. १८१९ साली लामार्कनं त्याचं वर्णन केलं. लांबट, पातळ कवचाचा, बाहेरून हिरवट-तपकिरी, आतून मोत्याच्या झळाळीचा. पॅरेशिया लहान, जाड, गोलसर. नदीकाठच्या कातकरी बाया उन्हाळ्यात डोहातल्या चिखलात पाय फिरवून शिंपले कुठे आहेत ते ओळखतात. आपल्याला चष्मा लावूनही ते दिसत नाहीत.

शिंपला चिखलात तिरका रुतलेला असतो. पुढचा भाग खाली, आणि जिथून तो पाणी आत घेतो व बाहेर टाकतो ते मागचं टोक वर. म्हणून हातात घेतलेल्या जिवंत शिंपल्यावर एक रेघ दिसते. रेघेखालचं कवच स्वच्छ, काळसर. रेघेवर हिरवा-तपकिरी थर, कधी नखभर लांब तंतू. ही चिखलाची पातळी. त्यातही कडेशी नुकतंच वाढलेलं कवच असतं, त्यावर थर नवा आणि विरळ. आत, जुन्या कवचाकडे जावं तसा तो दाट आणि मिसळ होत जातो. एकाच कवचावर बोटभर अंतरात थराच्या वाढीच्या वेगवेगळ्या पायऱ्या शेजारी-शेजारी सापडतात. दगडावर हे कधी दिसणार नाही, कारण दगड वाढत नाही.

दगड खाऊही घालत नाही. शिंपला पाणी गाळून त्यातले कण खातो. मोठा शिंपला तासाला साधारण लिटरभर पाणी गाळू शकतो, तापमान आणि जातीनुसार कमी-जास्त. खाल्ल्यानंतर तो अमोनिया आणि फॉस्फरस बाहेर टाकतो, आणि ते थेट त्याच्याच पाठीवरच्या वनस्पतींच्या तोंडात पडतं. अमेरिकेत ओक्लाहोमाच्या नद्यांत कॅरिन वॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासून दाखवलं: शिंपल्यांच्या वसाहतीत तळावरचं शेवाळ जास्त वाढतं आणि त्यावर जगणारे किडेही जास्त असतात. म्हणजे पाण्यातलं तरंगतं अन्न हा प्राणी खाली तळावर उतरवतो.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. डोहात, गाळात, वाळूत चिकटून राहायला कठीण जागाच नसते. वाळूचा कण रोज उलटतो, त्यावर दांडीवाली गोम्फोनेमा उभी कशी राहणार? तिथे शिंपल्याची पाठ हाच दगड. डोहाच्या तळाशी पाचपन्नास शिंपले असले की तेवढ्याच पाचपन्नास टणक जागा. ते गेले की जागा गेल्या.

आणि हा दगड हलतो. पुराच्या दिवसांत शिंपला खोल रुततो, तेव्हा पाठीवरचा थर अंधारात कुजतो. पाणी निवळल्यावर तो वर सरकतो आणि कोऱ्या पाठीनं सुरुवात करतो. त्यामुळे दगडावरचा थर वाळूनं घासून जातो, शिंपल्यावरचा गाडला जाऊन. दोघांचं ऑक्टोबरातलं रूप जवळपास सारखं, पण तिथवर येण्याच्या वाटा निराळ्या. उन्हाळ्यात पाणी मागे हटतं तेव्हा तो मांसल पाय बाहेर काढून पाण्यामागे जातो. ओल्या गाळावर त्याची नागमोडी चरी दिसते. पाणी गाठता नाही आलं तर चिखलात शिरून कवच मिटून घेतो आणि पावसाची वाट बघतो. त्याच्या पाठीवरच्यांना विचारलेलं नसतं. जी जात वाळणं सोसते ती राहते.

शिंपल्याचं बालपण माशाच्या अंगावर जातं, हेही इथेच सांगायला हवं. त्याच्या अळ्या माशाच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून काही काळ काढतात आणि मग तळावर पडतात. योग्य मासा नसेल तर पुढची पिढी नाही. म्हातारे शिंपले काही वर्षं दिसत राहतात, त्यामुळे डोहात सगळं आलबेल आहे असं वाटतं. छोटे शिंपले सापडतात का, हे बघायला हवं.

आतापर्यंत मी ऋतू म्हणजे पाऊस, थंडी, ऊन असं बोललो. उल्हासवर ते अर्धंच खरं आहे. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरच्या नद्या स्वभावानं मार्च-एप्रिलपर्यंत डोहांपुरत्या उरतात. आपली नदी मे महिन्यातही वाहते, कारण १९२२ साली सुरू झालेल्या भिवपुरीच्या वीजकेंद्रातून, घाटमाथ्यावरच्या आंध्रा खोऱ्यातलं पाणी पेज नदीतून तिच्यात उतरतं. ते मुळात पूर्वेला, भीमेकडे जाणारं पाणी. शंभर वर्षं आपल्या दगडांवरचा उन्हाळा त्या पाण्यानं भिजवलेला आहे. बदलापूरच्या बॅरेजनं त्यात आणखी एक बदल केला: बंधाऱ्यामागे वाहती नदी थांबली, दगड गाळाखाली गेले. बंधाऱ्याच्या वरचं आणि खालचं शेवाळ एकाच दिवशी काढून बघितलं तर कॅलेंडर दोन वाटतात. तिथल्या गाळात कठीण जागा कोणती, हे मी मघाशी सांगितलं.

सांडपाण्यानं तर ऋतू पार बुजवून टाकलेत. नायट्रोजन-फॉस्फरस बारमाही मिळू लागला की हिवाळ्यातल्या नाजूक जाती मागे हटतात आणि निट्झशिया पालिया, गोम्फोनेमा पार्व्हुलम अशा कशालाही तयार असणाऱ्या जाती बाराही महिने ठाण मांडतात. अमेरिकेतल्या पामरनं १९६९ साली प्रदूषण सोसणाऱ्या शेवाळांची जी गुणपत्रिका केली तीत निट्झशियाची गणना वरच्यांत होते. अंबरनाथच्या शिवमंदिराशेजारून वाहणाऱ्या वालधुनीसारख्या, शहराचं सांडपाणी पोटात घेतलेल्या प्रवाहात तर दगडांवर राखाडी, कापसासारखे झुपके धरतात. त्याला शेवाळ म्हणता येणार नाही; ते स्फीरोटिलससारखे जिवाणू. ज्या दगडावर ते आहेत त्याला जानेवारी काय आणि मे काय. जलपर्णीचं तसंच. तिच्या चादरीखाली उजेड नाही, म्हणून डायटम नाही, म्हणून दुपारचे बुडबुडेही नाहीत. आपण वर्षातून एकदा यंत्र लावून जलपर्णी काढतो आणि फोटो छापतो. तिला पोसणारं पाणी मात्र चालूच राहतं. आणि रेतीचा उपसा झाला की शिंपले रेतीबरोबर ट्रकमध्ये चढतात. त्यावर बोलायला सूक्ष्मदर्शकाची गरज नाही.

मला विचारलं तर मी बंधाऱ्याच्या वर, पुलापाशी आणि एखाद्या नाल्याच्या तोंडाखाली अशा तीन जागा धरीन; महिन्यातून एकदा प्रत्येक जागचे पाच दगड, ठरावीक मापाचा चौकोन घासून, आयोडीनच्या लुगॉल द्रावणाचे थेंब घालून बाटलीत. शिंपल्यांसाठी मऊ ब्रश, आणि शिंपला जिथून घेतला तिथेच, त्याच तोंडानं परत. उलटा रोवला तर त्याला श्वास घ्यायला आधी सरळ व्हावं लागतं. शाळेला मोठा सूक्ष्मदर्शक परवडत नसेल तर मनू प्रकाश यांचा कागदी फोल्डस्कोप आहे. त्यातून नॅव्हिक्युला चालताना दिसते. जातीपर्यंत ओळख पटवायला आम्लानं कवचं धुवावी लागतात, ते काम मुलांनी करायचं नाही, महाविद्यालयाकडे सोपवायचं. सोनेरी, हिरवा, काळा की राखाडी एवढी रंगाची नोंद आणि एक फोटो, हे मात्र आठवीतला मुलगा करू शकतो. दोन वर्षांचे असे कागद जमले की नगरपालिकेच्या पाण्याच्या अहवालाशेजारी ठेवून बघता येतील, आणि ज्या महिन्यात बाटली काही बोलली नाही त्या महिन्यात दगड काय म्हणत होता ते कळेल.

बाहेरच्या टेबलावर तीन काचपट्ट्या लावून ठेवल्या आहेत. पहिली वाहत्या धारेतल्या दगडावरची, दुसरी शिंपल्याच्या पाठीवरची, तिसरी नाल्याच्या तोंडची. तिसरीला वास येतो, म्हणून तिची बशी दाराजवळ ठेवलीय. रांगेत मुलांना पुढे सोडा, आणि भिंगाचा स्क्रू फिरवताना हळू. काच एकच आहे.